कोपऱ्यातली गोळी

"बाई, गोळी हातात नाही द्यायची," ब्रेडी कुजबुजला. "बाकावर ठेवायची. कोपऱ्यात."

व्हर्ना स्टिडम पेपरमिंटचं भांडं काखेत धरून तिथंच थबकली. परीक्षेच्या दिवशी पोरांना पेपरमिंट वाटले की त्यांचं डोकं चालतं, असं केंटकीच्या या डोंगरातली प्रत्येक शाळा मानते. त्याचं तिला काही नवल नव्हतं. वर्ग मात्र तिचा नव्हता. राज्याच्या परीक्षेला यंदा शिक्षिकांनी एकमेकींच्या वर्गावर थांबायचं असा वरून हुकूम निघाला होता, आणि तिच्या वाट्याला नेमका डार्लीन नेपियरचा तिसरीचा वर्ग आला होता. भिंतींवरचे तक्ते खाकी कागदानं झाकले होते. बाहेर दारावर शांततेची पाटी लटकत होती.

"कुठल्या कोपऱ्यात?" तिनं हळूच विचारलं.

एवढंही ठाऊक नाही, अशा नजरेनं ब्रेडीनं तिच्याकडे पाहिलं. "वरचा डावा म्हणजे पहिलं उत्तर. वरचा उजवा म्हणजे दुसरं. खाली पण तसंच, तिसरं न् चौथं. नेपियरबाई फिरत फिरत ठेवून जातात. आम्ही फक्त प्रश्नावर बोट ठेवून थांबायचं."

व्हर्नानं मान वर केली. अर्ध्या वर्गानं पेन्सिली खाली ठेवल्या होत्या. त्यांची बोटं प्रश्नावर आणि डोळे भांड्यावर होते.

अस्सं! म्हणजे हे कसब होतं तर!

याच वर्गाचे आकडे दर वर्षी चर्चबाहेरच्या फलकावर झळकायचे. तिसरीच्याच दुसऱ्या तुकडीतली व्हर्नाची पोरं जीव तोडून अर्ध्यावर पोचायची, त्यांचे आकडे कोण लावतो? मुख्याध्यापक हॉस्किन्स यांनी तिला गेल्या वर्षी इथंच मागच्या बाकावर बसवलं होतं, 'डार्लीनबाईंकडून शिकून घ्या' म्हणून, पोरांच्या देखत. यंदा तर नाताळानंतर तिच्या हाताखाली तयार झालेली चार पोरं उचलून डार्लीनला दिली. वर बजावलं, यंदाही निकाल घसरला तर शाळा सोडावी लागेल. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डार्लीननं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. "वाईट नको वाटून घेऊस गं राणी. काहींच्या हाताला गुणच नसतो."

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावं का हॉस्किन्सकडे? पण डार्लीनच्या आकड्यांवर तर त्याची खुर्ची उभी. दार लावून घेऊन 'बघतो' म्हणाला असता आणि बघत बसला असता. त्यापेक्षा काट्यानंच काटा काढलेला बरा.

ब्रेडीच्या बोटाखालच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं होतं. तिनं गोळी खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. ब्रेडीनं मुकाट्यानं तिसरा गोल काळा केला.

मग ती रांगेनं निघाली. बोटं दिसतील तिथं थांबायची, प्रश्न वाचायची आणि गोळी हटकून भलत्याच कोपऱ्यात ठेवायची. पोरं माना हलवून गोल भरत होती. एकानंही का म्हणून विचारलं नाही. इतकी वर्षं शिकवत आली, पण तिनं सांगितलेलं इतकं निमूटपणे कुणी ऐकलं नव्हतं. निकालाच्या दिवशीचा डार्लीनचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला इतकं बरं वाटलं, की तिनं एक पेपरमिंट स्वतःच्याही तोंडात टाकला.

खिडकीशी एम्बर्ली बसली होती. नाताळानंतर उचलून नेलेल्या चौघांतली एक. तिचं बोट प्रश्नावर नव्हतं. कोऱ्या कागदावर ती चारशे दोनमधून एकशे पंच्याहत्तर वजा करत होती, आणि ओठ हलत होते: "शून्याच्या घरी काही नाही. पुढच्या घरी जा."

ते शब्द व्हर्नाचे होते. ऑक्टोबरभर ही पोर मधलं शून्य दिसलं की रडकुंडीला यायची आणि उत्तर काढायची तीनशे त्र्याहत्तर. व्हर्नानं जेवणाची सुट्टी मोडून तिला शेजारी बसवलं होतं, कागदाची घरं कापून दिली होती.

एम्बर्लीनं उत्तर काढलं. दोनशे सत्तावीस. दुसरा गोल अगदी रेघेबाहेर न जाता भरला. मग तिनं इतरांकडे पाहिलं, प्रश्नावर बोट ठेवलं आणि हसून वर बघितलं.

हिला सोडावं, असं व्हर्नाच्या मनात आलं. पण हिचा आकडाही डार्लीनच्याच नावावर चढणार होता. तो फलक, ती कीव, तो खांद्यावरचा हात.

तिनं गोळी खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली. चौथं उत्तर होतं तीनशे त्र्याहत्तर.

एम्बर्लीनं गोळीकडे पाहिलं, मग आपल्या कागदाकडे. तिचं हसू ओशाळलं.

"तुम्ही शिकवलं होतंत तस्संच केलं होतं मी, बाई," ती हळूच म्हणाली. "ते चुकीचं होतं वाटतं."

तिनं दुसरा गोल नीट खोडला, चौथा काळा केला, खोडरबराचा कीस फुंकरीनं उडवला आणि गोळी तोंडात टाकली.