टिंबाच्या उजवीकडे

“पुन्हा एकदा वाचा ना, ताई,” धाकटी म्हणाली.

थोरल्या जावेनं दवाखान्यातून आणलेला कागद खिडकीकडे धरला. “गेल्या सोमवारी साडेचार किलो. आज चार किलो दोनशे दहा ग्रॅम.”

“म्हणजे उतरलं?”

“दिसतंय तर तसंच.”

बाळ धाकटीच्या मांडीवर पिता पिताच झोपलं होतं. हनुवटीवर दुधाचा थेंब वाळत आला होता. तिनं तो पुसला नाही. पुसला असता तर जागं झालं असतं.

“मला तर अंगानं भरलेलं वाटतंय,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “पण हल्ली डोळ्यांना विचारतंय कोण! डॉक्टरबाई काय म्हणाल्या?”

“वजन असं उतरतंय म्हणजे आईचं दूध पुरत नाही. वरचं सुरू करा म्हणाल्या.” थोरलीनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. “तू जिवाला लावून घेऊ नकोस गं.”

“मी उपाशी ठेवतेय का त्याला?”

“असं कोणी म्हटलं का तुला?”

कोणी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी आत जाता जाता एवढंच ऐकवलं, “दोन पोरं वाढवली मी. बाटली कशी दिसते ते ठाऊक नव्हतं.”

धाकटीचे टाके अजून दुखत होते, म्हणून वजनाला बाळाला थोरलीच न्यायची. दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच होता आणि ती तिथंच कॉम्प्युटरवर बसायची. दुपट्यात गुंडाळून न्यायची, वजन झालं की आणून सोडायची. पोटच्या पोराला कोणी इतकं जपून नेलं नसतं.

“ताई, एकदा बाटली तोंडाला लागली की ते माझ्याकडे वळणार नाही. मी जास्त वेळा पाजते. काही चूकसुद्धा झाली असेल ना?”

“उद्या बघते,” थोरली म्हणाली. “सगळं पहिल्यापासून तपासते.”

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसते न बसते तोच सिस्टर टेबलाशी आली.

“बाई, तुमचा कॉम्प्युटर चहा घेतो की आणखी काही? शिंप्याच्या बाळाचं वजन बघा. दोन किलो नऊशे होतं, आठवड्यात साडेतीन? मशीनवर शिवून वाढवलं की काय! मी उचललंय त्याला. हाताला पिसासारखं लागतं.”

थोरलीनं शीट उघडली. दवाखान्याच्या काट्याला दोन खिडक्या होत्या, एकीत किलो, दुसरीत ग्रॅम. सिस्टर ते दोन आकडे शेजारशेजारच्या दोन खणांत टाकायची. तिसऱ्या खणात थोरलीनं फॉर्म्युला घातला होता. डावीकडचा आकडा, मग टिंब, मग उजवीकडचा आकडा, असे तिन्ही तो चिकटवून द्यायचा. डॉक्टरबाईंना छापील कागदावर फक्त तो तिसरा खण दिसायचा.

शिंप्याच्या बाळाच्या ओळीत किलोखाली ३ होते आणि ग्रॅमखाली ५०. चिकटवून झाले होते ३.५०.

थोरलीनं ग्रॅमच्या खणावर बोट ठेवलं.

“पन्नास ग्रॅमच्या आधी शून्य हवं होतं,” ती हळूच म्हणाली. “तीन पॉइंट शून्य पन्नास. तीन आकडी ग्रॅम असले की बरोबर येतं. दोन आकडी आले की फसतं.”

“अगं बाई! मग आता एकेक आकडा बदलत बसायचं?”

“छे. आकडे चिकटवायचेच नाहीत. ग्रॅमला हजारानं भागायचं आणि किलोत मिळवायचं. पहिल्या ओळीत नवा फॉर्म्युला लिहिला, तो धरून खाली ओढला, की झालं.”

“बघा, मी म्हणून पकडलं! नाहीतर तुमच्या टिंबानं बाळांचे पैलवान केले असते.” सिस्टर जायला वळली आणि थांबली. “तुमच्या घरच्या बाळाचं आधी बघा हो. ती पोरगी रडरड रडत असेल.”

“बघते,” थोरली म्हणाली.

संध्याकाळी ती आली तेव्हा धाकटी बाळाला खांद्यावर घेऊन दारातच उभी होती.

“तपासलंत?”

“पहिल्यापासून तपासलं. नवीन कागद काढून आणलाय.”

धाकटीनं तो तिथंच उघडला. साडेचार. त्याच्याखाली चार दोनशे दहा.

“मला वाटलं होतं, काटा चुकला असेल,” ती म्हणाली. एवढं बोलून खालीच बसली.

“काटा नाही गं चुकत.” थोरलीनं तिच्या खांद्यावरून बाळाला अलगद उचललं. “तू झोप आता. रात्रीचं उठणं, बाटल्या उकळणं मी बघते. माझ्या खोलीत राहू दे त्याला.”

तिच्या खोलीत पाळणा पहिल्यापासून होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हौसेनं घेतलेला. त्याच्यावरची चादर तिनं कधी काढली नव्हती, ती आज काढली.

बाळानं बाटली दोनदा थुंकून टाकली. तिसऱ्यांदा धरली.

पुढच्या सोमवारी वजन वाढलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही. सासूबाई येईल त्याला सांगत, “थोरलीच्या हातालाच गुण आहे हो.” धाकटी ओट्याशी उभी असताना आतून रडणं ऐकू यायचं आणि तिचा ब्लाउज पुढून भिजायचा. ती हात पुसून निघेपर्यंत रडणं थांबलेलं असायचं. मग ब्लाउज भिजायचाही थांबला. महिन्याभरानं तिनं बाळाला जवळ घेतलं तर ते मान फिरवून थोरलीला शोधू लागलं.

“आपल्या माणसाला ओळखतं बघ,” सासूबाई म्हणाल्या.

दवाखान्यात ती शीट आता कोणी उघडून बघत नाही, कारण आकडे चोख येतात. वरपासून खालपर्यंत भागाकाराचा नवा फॉर्म्युला आहे. तो खाली ओढताना थोरलीनं मध्ये एका ओळीपाशी हात उचलला होता आणि तिच्याखालून पुन्हा ओढायला घेतलं होतं. त्या ओळीत किलोखाली ४ आहेत, ग्रॅमखाली ५०, आणि शेजारच्या खणात अजूनही ४.५०.