भांडखोर भावजय

"छातीत गाठ आलीय," चहा पितापिता इंदूताई म्हणाल्या.

"हो, हो," पेपराआडून भाऊ म्हणाला.

इंदूताईंना स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्याशी वाद घालू नका, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून भिंतीतले आवाज असोत की गच्चीवरचे हेर, घरातले सगळे "हो, हो" करून मोकळे होत. भावजय शरयूला मात्र ते कधी जमलं नाही.

"काहीतरीच, वन्सं. दाखवा बघू," म्हणत तिनं त्यांना आत नेलं आणि बाहेर येऊन नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं.

गाठ कॅन्सरची निघाली, पण वेळेत सापडली. ऑपरेशननंतर इंदूताई म्हणाल्या, "घरात एक तरी भांडखोर माणूस हवं."

"हो, हो," शरयू डोळे पुसत म्हणाली.

इंदूताई दचकल्या. "शरयू, तू तरी हो म्हणू नकोस."