दुप्पट पिकाची पोती

"शेत दुप्पट पिकलं, की तुझं ते शिलाई मशीन विकायचं. कबूल?" असं सासरेबुवांनी पेरणीआधीच सुनेकडून वदवून घेतलं होतं. "कबूल, मामंजी," सून म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? आता खळ्यात धान्याचा ढीग डोक्याच्या वर गेला होता आणि सासरेबुवा त्याच्याभोवती ऐटीत फेऱ्या मारत होते.

घरची सून लोकांचे कपडे शिवते, हे त्यांना फार खुपायचं. शेतकऱ्याच्या घराने शेतीच करावी. त्या हट्टापायी त्यांनी नवं बियाणं आणलं, पाण्याच्या नळ्या अंथरल्या, कापणीला यंत्र बोलावलं. शिवाय आपण एकट्यानेच शहाणं का राहावं, म्हणून भेटेल त्याला तेच बियाणं पेरायला लावलं.

सगळ्याचा विचार झाला, पोत्यांचा तेवढा राहिला. दरवर्षीइतकीच पोती घरात होती. ती भरली तरी अर्धा ढीग उघडाच. दुकानात एक पोतं शिल्लक नव्हतं, कारण अख्खं गाव सासरेबुवांचं ऐकून पिकलं होतं. वर आभाळ भरून आलं.

ते घरात आले. मशीन घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. सून डोळे पुसून झाल्यावर त्याच फडक्याने मशीन पुसत होती.

"जुन्या ताडपत्रीची पोती शिवता येतील का गं?"

"येतील की. पण मशीन विकायचंय ना?"

"ते नंतर बघू."

ते 'नंतर' काही उगवलं नाही. संध्याकाळपर्यंत दारात निम्मं गाव उभं होतं. कोणाच्या हातात ताडपत्री, कोणाच्या हातात फाटकी पोती, एकाने तर घरचे पडदेच काढून आणले होते. दोन हंगामांत ओसरीवर आणखी मशिनं आली. शेतात यंत्रं राबू लागली, तिथे रिकामा झालेला सुनेचा नवरा टेम्पोतून पोती पोचवू लागला. कापड कापायचं काम सासरेबुवांकडे आलं. मामंजींचा हात अगदी सरळ चालतो, असं सून कौतुकाने सगळ्यांना सांगते.

यंदा पेरणीचे दिवस आले. सासरेबुवा हातातली कात्री तशीच धरून बराच वेळ दाराबाहेर बघत बसले. सुनेला वाईट वाटलं. तिने मशीन थांबवलं.

"मामंजी, उद्या सुट्टी घ्या. शेतावर जाऊन या," ती म्हणाली. "परवा मात्र वेळेवर या. माल द्यायचाय."