पातळ भिंती

गणपती पेठेतला फ्लॅट दाखवताना घरमालकीण काकू एकही खोट लपवत नव्हत्या. "आधीच सांगते बाई, खाली पहाटेपासून हळदीचे टेम्पो लागतात, हमालांचा आरडाओरडा असतो. त्यात भिंती पातळ. शेजारी कुणी शिंकलं तरी ऐकू येतं. मागचे भाडेकरू दोन महिन्यांत वैतागून गेले."

संयोगितानं भिंतीवर थाप मारली. पलीकडून लगेच बाईचा आवाज आला, "कोण हाय?"

संयोगिता हसली. "काकू, हाच घेते."

"अगं, तूच म्हणालीस ना, मळ्यात तुमचं मोठं घर आहे? चारी बाजूंनी ऊस, किती शांत! मिस्टरांना चालेल का हा गोंगाट?"

"त्यास्नी न्हाई चालायचा," ती म्हणाली. "त्या उसात मी बारा वर्षं वरडले, काकू. एकालाबी ऐकू गेलं न्हाई. आता हितं येऊन हात उचलू द्यात. अख्खी पेठ जिना चढून वर येईल."