चुन्याची रेघ

पडद्यावर आईच्या छातीतली वाट दिसत होती, ओली, गुलाबी. भूपेशला तिकडं बघवत नव्हतं. पण डॉक्टर संघप्रियांनी त्याला मुद्दाम आत बोलावलं होतं. गिरजाबाई टेबलावर पडलेली, घसा बधिर केलेला, तोंडातून काळी नळी आत गेलेली. बोलायची सोय नव्हती. डोळे मात्र टक्क उघडे.

"हे बघ भाऊ," डॉक्टर म्हणाल्या. "काय आहे हे? घरातलंच काहीतरी असणार."

वाटेच्या टोकाला, सुजलेल्या मांसात, काळपट गोल असं काहीतरी रुतून बसलं होतं. सकाळच्या एक्स-रेत हाच पांढरा ठिपका दिसला, तेव्हा फोटो काढणाऱ्यानं गिरजाबाईला दोनदा विचारलं होतं, "बाई, गळ्यातली पोत काढली ना?"

भूपेशनं लगेच ओळखलं. न ओळखून करतो काय! जन्म गेला त्याचा असल्या गोळ्या ओवण्यात.

"गोळी व्हय म्याडम. शिसाची. जाळ्याच्या काठाले लावतो आमी, जाळं बुडाले बसावं म्हून."

"आणि छातीत कशी गेली?"

कशी म्हणजे! मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी जाळं नीट करताना दोन्ही हात सुतात गुंतलेले. मग गोळ्या गालात धरायच्या आणि एकेक जिभेनं पुढं सारायची. गिरजाबाई तशीच करायची, तिची सासूही तशीच करायची. दिवाळीच्या आधी मायलेक तलावाच्या पाळीवर जाळं घेऊन बसले होते. भूपेशनं आपल्या सासऱ्याची नक्कल केली. गिरजाबाई खो खो हसली आणि ठसका लागला. डोळे पांढरे व्हायची वेळ आली. त्यानं पाठीत चार गुद्दे घातले तेव्हा पाच गोळ्या मातीत पडल्या. सहावी दोघांनी चाचपून चाचपून शोधली, सापडली नाही. "पोटात गेली असन, निंगन सकाळी," म्हणून तो हसलासुद्धा. आणि मग विसरला. मेला, साफ विसरला!

महिन्याभरानं खोकला लागला. मग ताप. मग एकदा पदराला रक्ताचा डाग दिसला आणि टीबी हा शब्द घरात येऊन बसला. तपासलं कोणी? कोणीच नाही. दवाखान्यात गेलो तर वहीत नाव चढेल आणि गावभर बभ्रा होईल, म्हणून खोकल्याच्या बाटल्या आणल्या. भूपेशनं स्वतः ओसरीत चुन्याची रेघ मारली. रेघेच्या अलीकडं घर, पलीकडं आई. ताट वेगळं, पाण्याचा गडू वेगळा. आठ महिने!

यातलं काहीच त्याच्या तोंडून निघालं नाही. "चुकून, म्याडम," एवढंच म्हणाला.

चिमटा गोळीवरून घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. गिरजाबाईचं अंग टेबलावरून उचललं गेलं.

"मॅडम, ऑक्सिजन उतरतोय," नर्स म्हणाली.

"आता एकदाच बघते. नाही निघाली तर नागपूर. तिथं छाती उघडून फुप्फुसाचा तेवढा तुकडा कापतील."

भूपेशनं आईचे पाय घट्ट धरले. नळीतून एक बारीक तार पुढं आली. टोकाशी ती उमलली तर काय, चार तारांचं एवढंसं जाळं! ते गोळीच्या पलीकडं गेलं, उघडलं, हळूहळू मागं आलं. गोळी अर्धी आत, अर्धी बाहेर. डॉक्टर ओढणार तोच भूपेश बोलून गेला, "ओढू नोका म्याडम! थोडी ढील द्या. आपसुक बसते."

डॉक्टर थांबल्या. त्यांनी ढील दिली. गोळी जाळ्यात बसली.

स्टीलच्या वाटीत टण्ण वाजलं. भूपेश तिथंच भिंतीला टेकला आणि हमसून हमसून रडला.

"टीबी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थुंकीतही काही आलेलं नाही. कोणाला लागण्यासारखं काही नव्हतंच."

दुपारी त्याची बायको रंजीता चिमूरहून जीपनं आली. सोबत जया, त्यांची चार वर्षांची पोर. गिरजाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. दोन घंटे पाणीही द्यायचं नव्हतं. नातीला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले.

"जा, आजीपाशी जा," भूपेश म्हणाला.

जया धावत निघाली. खाटेपासून चार हातांवर फरशीत काळी पट्टी होती. तिथं येऊन ती गपकन थांबली. फ्रॉक वर ओढून तिनं नाक झाकलं.

"जा न वं," रंजीता म्हणाली. "आजीले काई नाई झालं."

"रेघ हाये न."

"अवो, ते रेघ नोहे! जा म्हटलं न!" भूपेश खेकसला. पोरीनं फ्रॉक आणखी वर ओढला.

"तिच्यावर काऊन खेकसतं?" गिरजाबाईचा आवाज घोगरा, फाटका. नळी काढल्यापासून पहिल्यांदाच बोलली ती. "रेघ तिनं मारली का?"

खांद्यावरचा दुपट्टा काढून भूपेश खाली बसला आणि काळी पट्टी पुसायला लागला. जोर लावून पुसली, दोनदा, तीनदा.

"पाह्य बाई, पुसली."

जया वाकली. तिनं नीट निरखून पाहिलं.

"नाई पुसली बाबा," ती म्हणाली.