रविवारची पोरं

दर रविवारी दानेश्वरी धाकट्या दिराच्या तिन्ही पोरांना रंकाळ्यावर न्यायची. भेळ काय, घोडा काय, पोरांपेक्षा तीच जास्त दंगा घालायची. संध्याकाळी ती मळकी, पेंगुळलेली वरात जावेच्या हवाली केली, की सुटले बाई असं मनात म्हणत उंबऱ्यावर मोठा सुस्कारा सोडायची. आपल्याला मूल नको, हे तिनं आणि संगमेशनं लग्नातच ठरवलं होतं. पण घरात ते सांगायची सोय नव्हती. त्यामुळं तिचा तो सुस्कारा सासूच्या काळजाला घरं पाडायचा.

जावेच्या चौथ्या बाळाच्या बारशाला सासूनं दानेश्वरीला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं.

"पदर पसर."

खण-नारळ घ्यायला तिनं पदर पसरला. जावेनं हुंदका गिळत त्यात बाळ ठेवलं. जमलेल्या बायकांनी डोळे पुसले. दानेश्वरीनं संगमेशकडं बघितलं, तर तो खाली मान घालून उभा. ओटीत पडलेलं परत करायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

सासूनं तिच्या पाठीवरनं हात फिरवला.



"रडू नगं पोरी. आता तुला रोजच रविवार हाय की!"