दुसरी मुलं

काचेपलीकडे बेकरीवाला उभा होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात पावाची पिशवी. मुलगी तापाने गेली त्या तारखेला तो दरवर्षी असाच यायचा.

काचेअलीकडे शास्त्रज्ञ बाई. मास्क, टोपी, हातमोज्यांवर हातमोजे. चपट्या बाटल्या उचलून ती जाळीच्या टोपलीत आडव्या लावत होती. बाटल्यांत गुलाबी पाणी, पाण्याच्या तळाशी पेशींचा थर, पेशींत विषाणू. टोपलीमागे वाफेच्या यंत्राचं दार उघडं होतं.

दोघांमध्ये भिंतीवरचा फोन. एक रिसीव्हर तिकडे, एक इकडे, तिच्या कान-खांद्यात दाबलेला.

"आज आवराआवर काढलीत वाटतं, मॅडम?"

वाक्य, जसं तिने तेव्हा वॉर्डाबाहेर त्याला सांगितलं होतं:

*तुमच्या मुलीमुळे दुसरी मुलं वाचतील.*

वाक्य, जसं ती आज सकाळपासून घोकत होती:

*तुमच्या मुलीमुळे दुसरी मुलं वाचणार नाहीत.*

ते काही तोंडातून निघेना.

"या मारायच्या आहेत आज," ती म्हणाली. "सगळ्या."

त्याने पिशवी खाली ठेवली. "हाच ना तो? आमच्या पोरीतला?"

"त्याची पिलावळ."

"आणि एवढी वर्षं जगला?"

"खायला घातलं म्हणून. या बाटलीतला थेंब त्या बाटलीत. तिथल्या ताज्या पेशी खाऊन संपल्या, की त्यातला थेंब पुढच्या बाटलीत."

"खमिरासारखं." त्याचा चेहरा जरा सैल झाला. "कालच्या पिठातला गोळा आजच्या पिठात. माझ्याकडे वडिलांच्या हातचं आहे अजून." मग म्हणाला, "चव मात्र ती नाही राहिली. जुनी गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात."

तिला वाटलं, आता सांगणं सोपं जाईल. गेलं नाही.

"याचंही तेच झालं. विषाणूला पेशीत शिरायला दार लागतं. बाटलीतल्या पेशींना जे दार होतं, त्यातून शिरायला हा शिकला. मी त्या दाराला कुलूप बनवलं. बाटलीत कुलूप चोख बसलं. तेच औषध म्हणून वॉर्डात नेलं."

"मग?"

"मुलांमधला विषाणू अजून जुन्याच दाराने शिरतो."

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ज्यांना औषध दिलं, ती पोरं?"

तिने मान हलवली. ना हो, ना नाही, अशी.

"आणि हा? बाटलीतला?"

"याला आता माणसाच्या पेशीत शिरताच येत नाही."

"मग एवढं नाक-तोंड कशाला बांधलंय?"

"नियम."

"म्हणजे माणसाळला." तो हसला. हसू अर्ध्यात अडकलं. "जरा आधी माणसाळला असता तर."

तिने आणखी एक बाटली उचलली.

"पेशी कुणाच्या आहेत या?"

"माकडाच्या. मूत्रपिंडातल्या."

"माकडाच्या," तो म्हणाला. "घरी तिला माकडच म्हणायचो आम्ही. सारखी दाराला लोंबकळायची."

बाटली टोपलीत गेली.

"मॅडम, एक राहू द्या. कोपऱ्यात. कुणाला त्रास नाही म्हणता ना त्याचा?"

"यात तिचं काही नाही हो. तिचा नमुना पहिल्याच वर्षी संपला."

"तिच्या अंगातून निघालेलं आणि अजून जिवंत असलेलं, एवढंच आहे जगात."

"औषधाचं काम बंद झालं. उद्यापासून ही खोली माझी नाही. याला खायला कोण घालणार?"

"मी घातलं असतं," तो म्हणाला.

तिने टोपली आत ढकलली. दार लावलं, चाक आवळलं, बटण दाबलं. पाइपात वाफ फुसफुसली.

वाक्य, जसं त्याने घरी नेलं:

*आपल्या मुलीमुळे दुसरी मुलं वाचतील.*

वाक्य, जसं त्याची बायको पाव बांधता बांधता गिऱ्हाइकांना सांगते:

*आमच्या मुलीमुळे दुसरी मुलं वाचतात.*

त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. भिंतीवरचा रिसीव्हर त्याने जागेवर ठेवला नाही, हातातच राहू दिला. तिला सगळं ऐकू येत होतं.

"हो, पोचलो केव्हाच. भेटल्या ना, समोरच आहेत... कामात आहेत गं, त्यांना कुठली सवड."

मग बराच वेळ तो ऐकत राहिला. काचेतून तिच्याकडे बघत.

"हो. वाचताहेत."

पुन्हा ऐकलं.

"किती, ते मोजत नाहीत त्या."

मोबाइल खिशात गेला. रिसीव्हर कानाला लागला. तिच्या पाठीमागे यंत्राचा काटा चढत होता. तिला वळून बघावंसं वाटलं नाही, समोरही बघवेना.

"पुढच्या वर्षी येतो," तो म्हणाला. "याच तारखेला."

"मी नसेन इथे. कुणीच नसेल."

"ते कळलं." त्याने पावाची पिशवी उचलली, पुन्हा काचेच्या बुडाशी टेकवून ठेवली. "थोडा वेळ इथे उभा राहीन आणि जाईन. त्या दिवशी घरी बसलो, तर बायकोला कळेल."